मागच्या सीटसाठी निवडलेली पक्कड

काही घरांत पाहुणे आले की फोटोंचा अल्बम निघतो, काही घरांत पोराला कविता म्हणायला उभं करतात. आमच्याकडे पक्कड निघते. चहा संपला की मी उठतो, कपाटातून मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली ती वस्तू आणतो आणि पाहुण्याच्या हातात ठेवतो. पाहुणा ती उलटसुलट करतो, वजन बघितल्यासारखं करतो, "छान आहे हो," म्हणतो आणि हिचं करायचं काय असतं हे विचारायचं टाळतो. विचारलं तर मी सांगेन, याची त्याला धास्ती असते. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज येतो, "अहो, त्यांना सोडा की आता. एस्टी चुकंल त्यांची."

वाचकाला एस्टी धरायची नसते, म्हणून सगळं सांगतो.

इंजिनात पिस्टन वरखाली पळतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्या पिस्टनच्या पोटातून एक आडवी पिन जाते आणि पिस्टन तिच्यावर झुलतो. ती पिन बाजूला सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांशी, खाचेत, पोलादाचं एकेक बारीक कडं बसवलेलं असतं. पुस्तकात त्याला सर्क्लिप म्हणतात, आम्ही गॅरेजवाले लॉक म्हणतो. दिसायला थेट बायकांच्या पायातलं जोडवं. गोल, एका जागी तोंड उघडं आणि तोंडाच्या दोन्ही अंगांना बारीक भोकांचे दोन कान. त्या भोकांत पकडीची दोन टोकं घालायची, मूठ दाबायची, कडं आखडतं, की अलगद उचलायचं. सांगायला एवढंच. करताना ते कडं स्प्रिंगच्या पोलादाचं असतं आणि त्याला कुणी धरून ठेवलेलं आवडत नाही.

मी सोलापुरात होम मैदानाच्या अलीकडे, रस्त्याकडेला पत्रे ठोकून गॅरेज काढलं तेव्हा माझ्याकडे लॉकची पक्कड नव्हती. डिसमिस होता, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, आणि एक घासून टोकदार केलेला खिळा. एका बाजूनं डिसमिस घालायचा, दुसऱ्या बाजूनं खिळा, तोंडानं सिद्धरामेश्वराचं नाव घ्यायचं आणि उचकटायचं. लॉक निघायचं, पण कुठं जायचं ते त्याचं त्याला ठाऊक. एकदा असंच एक लॉक 'टिंग' करून उडालं ते समोरच्या हॉटेलातल्या भज्यांच्या पिठात पडलं आणि तळून निघालं. गिऱ्हाइकानं ते दातांतून काढून बशीच्या कडेला ठेवलं. हॉटेलवाला बशी घेऊन रस्ता ओलांडून आला आणि माझ्यापुढे धरून म्हणाला, "मिस्त्री, तुमचा कांदा कच्चा राहिलाय."

त्या दिवशी ठरवलं की हत्यार घ्यायचं.

नव्या पेठेत हत्यारांचं एक जुनं दुकान होतं. मालकांना सगळा गाव अप्पा म्हणायचा. कपाळभर विभूती, घरात कानडी, गल्ल्यावर मराठी, आणि समोरचं गिऱ्हाईक किती पाण्यात आहे हे ओळखायची नजर. मी छाती काढून म्हणालो, "अप्पा, एक लॉकची पक्कड द्या."

"भोकाच्या आतल्या लॉकची, का दांड्यावरच्या?"

दुकानात आणखी दोन मिस्त्री उभे होते. त्यांच्यासमोर 'म्हणजे काय?' असं विचारणं मला जमलं नाही. मी म्हणालो, "कुठली बी द्या. हात सरावलाय आपला."

अप्पांनी कुठली बी दिली. मी गॅरेजात येऊन पिस्टनमधल्या लॉकच्या कानांत टोकं घातली आणि मूठ दाबली. लॉक आखडायच्या ऐवजी आणखी फाकलं आणि खाचेत आणखी रुतलं. मी आणखी दाबलं. ते आणखी रुतलं. मनगटाच्या शिरा उभ्या राहिल्या तरी मी दाबत होतो, म्हणजे काढायचं लॉक मी स्वतःच्या ताकदीनं पक्कं करत होतो. ती पक्कड दांड्यावर बाहेरून बसवलेल्या लॉकची होती. मूठ दाबली की तिची टोकं मिटत नाहीत, उघडतात. हे समजायला मला सबंध दुपार लागली.

दुसऱ्या दिवशी अप्पांकडे गेलो तर त्यांनी पक्कड बघितली, मला बघितलं आणि म्हणाले, "हात लई सरावलाय म्हणालाव न्हवं?" ते दोन मिस्त्री त्या दिवशीही तिथंच होते. मला वाटतं ते तिथंच राहायचे.

दुसरी पक्कड मी बरोबर जातीची घेतली, आतल्या लॉकची. पण निवडली ती चकाकीवर. निकेलचा असा मुलामा की तिच्यात बघून मी भांग पाडला. बायकोला दाखवली तर ती म्हणाली, "लई ग्वाड दिसती. देव्हाऱ्यात ठिवू का?" बायको मैंदर्गीची, तिकडं घरोघरी कानडी. तिच्या बोलण्यात चेष्टा किती आणि खरं किती हे मला आजही पुरतं कळत नाही. त्या वेळी मात्र मी तिला गंभीरपणे सांगितलं होतं की नको, कामाला लागेल.

आणि काम आलं ते अक्काचं.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती आणि सिद्धरामेश्वराची गड्ड्याची यात्रा पुन्हा पहिल्यासारखी भरायला लागली होती. होम मैदानावर पाळणे, आरसेमहाल, खाजा-चिवड्याची दुकानं आणि त्या सगळ्यांच्या वर डोकं काढून फळ्यांची ती उंच, गोल विहीर. मौत का कुआँ. आत तळाला मोटारसायकल फिरवायची, वेग वाढवत भिंतीच्या बुडाशी असलेल्या तिरप्या उतरंडीवर घ्यायची आणि तिथून सरळ उभ्या भिंतीवर. प्रेक्षक वरच्या कठड्याला टेकून खाली बघत. त्या साली त्या विहिरीत गाडी चालवणारी एक बाई होती. चाळिशीची, जाडजूड, शर्ट-पँटीवर कपाळाला रुपयाएवढं कुंकू. धारवाडकडची असावी. तिला सगळी यात्रा अक्का म्हणायची आणि तिचा नवरासुद्धा अक्काच म्हणायचा. तो तिकीट विकायचा आणि भोंग्यातून ओरडायचा.

संक्रांत होऊन गेल्यावर एके सकाळी अक्का गाडी ढकलत माझ्या दारात आली. जुनी, जड, एका सिलिंडरची मोटारसायकल. मी किक मारली, कान लावला. इंजिनातून 'टक् टक्' ठोका येत होता आणि मागून निळा धूर.

मी म्हणालो, "पिस्टन गेलाय अक्का. नवा टाकावा लागंल."

"टाक की मग. सांजच्याला खेळ हाय. हुईल?"

"व्हईल म्हणजे काय! संध्याकाळच्या आत गाडी दारात."

अक्कानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आमच्यात एक रीत हाय मिस्त्री. ठाव हाय न्हवं?"

"कसली?"

"ज्यानं इंजिन उघडलं, त्यो पयल्या फेरीला मागं बसतो. खेळाच्या आदी."

आता दुसऱ्या कुणी शहाण्यानं इथं क्षणभर विचार केला असता. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं मान देतायत. यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीत काठीला हात लावायला मिळावा तसा. मी म्हणालो, "बसतो की! त्यात काय!"

अक्का हसली. "पंढरपूरचा मिस्त्री बी असंच म्हनला हुता."

"मग?"

"मग काय. बसला न्हाई. पळून गेला. त्याचा पाना अजून माज्याकडं हाय."

ती गेली. जेवायला घरी गेलो तेव्हा मी हा मान बायकोला सांगितला. तिनं भाकरी थापता थापता हात थांबवला, मग पुन्हा थापायला लागली आणि म्हणाली, "बसा. मी बघाय येते. शेजारच्या सगळ्यांस्नी घिऊन येते." मला फार बरं वाटलं.

गॅरेजात येऊन हेड उघडलं, सिलिंडर उचलला. लॉक पडून इंजिनाच्या पोटात जाऊ नये म्हणून खाली चिंध्या कोंबल्या, आणि निकेलची पक्कड काढली. जुनं लॉक काढताना एकदा घसरली, पण निघालं. नवा पिस्टन चढवला, पिन घातली, एका बाजूचं लॉक बसवलं. दुसऱ्या बाजूच्या लॉकच्या कानांत टोकं घातली, मूठ दाबली आणि बघतो तर पकडीचं एक टोक वाकून शेजाऱ्याकडे बघतंय. त्या टोकाचा आणि पोलादाचा काही संबंध नव्हता. मुलाम्याखाली गूळ होता. वाकल्या टोकानं लॉकला पीळ भरला. मी सवयीनं डिसमिस घेतला, ढकलला, आणि लॉक खाचेत गेलं.

गेलं, पण आवाज नाही आला. लॉक नीट बसतं तेव्हा 'टिक्' असा एक आवाज येतो, डबीचं झाकण लागल्यासारखा. मी नखानं लॉक हलवून बघितलं. ते खाचेत डुलत होतं. एकदा पीळ भरलेलं कडं पुरतं उघडत नाही, अंगात जोर राहत नाही त्याच्या.

मी पाटावर बसून त्या लॉकाकडे बघत राहिलो. हे लॉक सुटलं तर पिन सरकेल. पिन सरकली तर सिलिंडरची भिंत ओरबाडेल. भिंत ओरबाडली की पिस्टन अडकेल आणि इंजिन जागच्या जागी बंद पडेल. रस्त्यावर इंजिन बंद पडलं तर माणूस शिव्या देत गाडी ढकलतो. भिंतीवर बंद पडलं तर ढकलायला कुणी उरत नाही. आणि त्या वेळी गाडीवर दोन माणसं असणार होती. एक अक्का. दुसऱ्या माणसाच्या बायकोनं शेजारच्या सगळ्यांना बोलावलं होतं.

तोवर मी किती लॉकं बसवली असतील! पण लॉक म्हणजे काय हे मला त्या पाटावर पहिल्यांदा दिसलं. भीती ही फार चांगली ऐनक आहे, एवढं मी अनुभवानं सांगतो.

मी ते लॉक उचकटून काढलं, पहिल्या बाजूचंही काढलं, पिस्टन उतरवला, धुडक्यात गुंडाळून लॉकच्या मापासाठी पिशवीत घातला. पार्टवाल्याकडून मूठभर नवी लॉकं घेतली, खिशात एक बारकी कानस टाकली आणि सायकल हाणत नवी पेठ गाठली.

"अप्पा, आतल्या लॉकच्या जेवढ्या पकडी हायत तेवढ्या सगळ्या काढा."

"सगळ्या? दुकान टाकूलालाव काय?"

"काढा तर."

त्यांनी खण उपसला. मी गल्ल्याशेजारी फळीवर मांडी घालून बसलो. पहिली पक्कड उचलली, टोकं मिटवली आणि दाराच्या उजेडासमोर धरली. दोन्ही टोकं एकमेकांसमोर सरळ यायला हवीत. हिची एक वर, एक खाली. तिरळी. बाजूला. दुसरीची टोकं सरळ होती, पण दोन्ही मुठी धरून आडव्या हलवल्या तर दोन पात्यांना जोडणारा रिबीट लटलट करत होता. अशा पकडीत हात दाबतो एकीकडे आणि टोक जातं दुसरीकडे. तीही बाजूला. तिसरीचं टोक लॉकच्या भोकापेक्षा एवढं बारीक की भोकात पाहुण्यासारखं हिंडत होतं. चौथी सगळ्यात पास झाली, तेव्हा मी खिशातून कानस काढली आणि तिच्या टोकावर हळूच एक घास मारला. कानस चावली. पुन्हा गूळ.

"अय्यो!" अप्पा गल्ल्यावरून अर्धे उठले. "मालाला कानस लावूलालाव?"

"एकच घास अप्पा. पोलादाला नीट पाणी दिलेलं असलं की कानस घसरती, चावत न्हाई."

"मला शिकवूलालाव? पन्नास वर्सं हितं..."

"तुमाला न्हाई. मलाच शिकवूलालोय."

ते दोन मिस्त्री अर्थातच होते. एकजण म्हणाला, "पक्कड घ्यायलाय का पोरगी बघायलाय?" दुसरा म्हणाला, "पोरगी बघताना तरी कानस कोण लावतं!"

मी लक्ष दिलं नाही. आता खरी परीक्षा. नवं लॉक पकडीत धरायचं, मूठ पूर्ण दाबायची आणि ते स्वतःच्या नाकासमोर धरून हात हलवायचा. धरणारी पक्कड असेल तर लॉक जागचं हलत नाही. पाचवीतलं लॉक सुटलं आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलं. दुकान हसलं. सहावीतलंही सुटलं, ते अप्पांच्या विभूतीला चाटून गेलं. दुकान हसलं नाही.

मग खणाच्या तळातून एक काळी, वजनदार, परदेशी अक्षरांचा ठसा असलेली पक्कड निघाली. अप्पांनी ती दोन्ही हातांनी दिली. "ही बगा. भायेरची हाय. लई वर्सं जपून ठिवलीया." टोकं सरळ, रिबीट घट्ट, कानस सर्रकन घसरली. माझा जीव भांड्यात पडला. लॉक धरलं, दाबलं, आणि 'कट्' करून टोकच मोडून खाली पडलं. पाणी जास्त झालं होतं. टोक काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच गेलं.

अप्पा मोडक्या टोकाकडे बघत होते. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मिस्त्री, तुमाला नक्की झालंय काय?"

तेव्हा मी सांगितलं. अक्काची गाडी, पिस्टन, लॉक, आणि मागची सीट.

"तुमी बसणार? त्या विहिरीत?"

"शब्द दिलाय."

अप्पांनी कपाळाला हात लावला. मग उठून वरचा दिवा लावला, त्या दोन मिस्त्रींना म्हणाले, "सरका रे, उजेड आडवूलालाव," आणि शिडीवर चढून माळ्यावरून एक पुठ्ठ्याची पेटी काढली. तिच्यात तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन पकडी होत्या. एकाच कारखान्याच्या, एकाच ठशाच्या, आपल्याच देशात केलेल्या, चकाकी नाही की काळा डौल नाही.

"सावकाश बगा," अप्पा म्हणाले. "काय मोडायचं ते मोडा."

पहिली उजेडात धरली. टोकं केसभर तिरपी. दुसरी धरली. सरळ. एकाच पेटीतल्या दोघी जुळ्या, पण एक कामाची आणि एक नाही. ठसा बघून, देश बघून हत्यार घ्यायचं नसतं, हातात आहे तो नग बघून घ्यायचं असतं, हे मला त्या दिव्याखाली कळलं. पुढं आयुष्यभर मी तेवढ्या एका गोष्टीच्या जोरावर लोकांसमोर शहाणा म्हणून मिरवलो.

त्या दुसरीच्या रिबिटात खेळ नव्हता. मूठ सोडली की स्प्रिंग तिला परत उघडत होती, आळस न करता. कानस घसरली. टोकं भोकात घट्ट बसली. मी लॉक धरलं, नाकासमोर आणलं, हात हलवला. अप्पांनी विभूती झाकली. लॉक हललं नाही. पुन्हा हलवला, जोरात. नाही. मी ते उघडलं, दाबलं, उघडलं, दाबलं, पार बोटं दुखेपर्यंत, आणि मग टोकं पुन्हा उजेडात धरली. तशीच सरळ.

"घेतली," मी म्हणालो. त्या दोन मिस्त्रींपैकी एकानं हात पुढं केला, "बघू की जरा." मी दिली नाही.

गॅरेजात अक्का येऊन बसली होती. तिच्या मांडीवर गड्ड्यातल्या खाज्याचा पुडा. "आलास व्हय! मला वाटलं पंढरपूरच्या वाटंला लागलास."

"पक्कड घ्याय गेलतो."

"इंजिन उघडल्यावर?"

मी पिस्टन चढवला, पिन घातली, चिंध्या कोंबल्या. नवं लॉक, नवी पक्कड. मूठ दाबली, कडं आखडलं, खाचेशी नेलं, हळूच सोडलं.

टिक्.

दुसऱ्या बाजूला गेलो. टिक्.

पकडीच्या टोकानं लॉक खाचेत गोल फिरवून बघितलं. जोर लावल्यावर फिरलं, पण कुठंही बाहेर डोकावलं नाही. मी अक्काला म्हणालो, "आवाज ऐकला?"

"कसला?"

"टिक्."

"मला खाज्याचा ऐकू आला," ती म्हणाली. पण उठून जवळ आली, वाकून त्या लॉकाकडे नीट निरखून बघत राहिली, आणि पुड्यातला एक खाजा माझ्या पुढं धरला. माझे हात तेलाचे होते, तिनंच तो माझ्या तोंडात घातला.

संध्याकाळी विहिरीच्या तळाला मी उभा. वर कठड्याला गर्दी, आणि गर्दीत आमची बायको, शेजारच्या सगळ्यांसकट. मी बोट करून दाखवली तशी, खेळ सुरू व्हायच्या आधी अक्कानं खालून तिला हाक मारली, कानडीत काहीतरी विचारलं. बायकोनं कानडीतच उत्तर दिलं आणि सगळ्या बाया हसल्या. मी अक्काला विचारलं, काय म्हणाली? अक्का म्हणाली, "मी इचारलं, नवऱ्यावर भरवसा हाय का? ती म्हनली, नवऱ्यावर न्हाई, तुज्यावर हाय."

भोंगा ओरडला. गाडी सुरू झाली. मी मागं बसलो.

"कमरेला धर," अक्का म्हणाली.

परक्या बाईच्या कमरेला, वर आमची बायको उभी असताना! मी सीटचा पट्टा धरला. गाडी उतरंडीवर चढली तेव्हा एका हातानं कंबर धरली. गाडी उभ्या भिंतीवर गेली तेव्हा दोन्ही हातांनी धरली, आणि वरून बायको ओरडली, "घट्ट धरा!"

फळ्या पायाखाली नव्हत्या, कानाशी होत्या, आणि खडखड करत पळत होत्या. मी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर फक्त कान उरले, आणि कानांनी त्यांचं काम सुरू केलं. त्या लाकडी पिंपात इंजिनाचा आवाज असा घुमतो की दुसरं काही ऐकू येत नाही, पण मी त्या आवाजाच्या आत शोधत होतो. ठोका येतो का? पिन सरकल्याची खरखर येते का? एक फेरी गेली. आणखी एक गेली. नुसता गोल, भरीव, तुपात तळल्यासारखा आवाज. त्या आवाजात कुठंही फट नव्हती.

मग मी डोळे उघडले. कठड्यावरची तोंडं आडवी पळत होती, लुगडी, टोप्या, फेटे, सगळं एका रंगाची पट्टी होऊन. आणि मला एकदम वाटलं की ही सगळी माणसं ज्याच्या जिवावर श्वास रोखून उभी आहेत ते कडं मी बसवलंय. दोन कडी. दोन्ही मी. तेवढ्यात अक्कानं हँडलवरचे दोन्ही हात सोडले आणि बाजूला पसरले. माझ्या अभिमानाचं काय झालं ते मला आठवत नाही. मी जे ओरडलो ते कानडी होतं असं बायको म्हणते. मला कानडी येत नाही.

खाली उतरलो. मी विहिरीच्या भिंतीला धरून उभा राहिलो, फळ्या तपासतोय असं दाखवत. अक्का उतरली, इंजिनावर तळवा ठेवला, उष्णता बघितली, मग वाकून कान लावला. ती सरळ झाली आणि हत्यारांच्या डब्यातून एक पाना काढून माझ्या हातात दिला. पंढरपूरच्या मिस्त्रीचा असावा.

"काड," ती म्हणाली.

"काय काढू?"

"मागची सीट. आता काय काम तिचं? मला हलकी गाडी लागती खेळाला."

ही त्यांच्या रीतीची दुसरी बाजू होती आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. इंजिनावर भरवसा बसला की मागची सीट उतरवायची, आणि उतरवायची ती त्याच मिस्त्रीनं. मी गुडघ्यावर बसून बोल्ट सोडले. सीट काढून बाजूला ठेवली तेव्हा अक्काच्या नवऱ्यानं भोंग्यातून काहीतरी पुकारलं आणि वरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या बहुधा अक्काला होत्या. मी मान झुकवून घेतल्या.

मग मी जिन्यानं वर गेलो आणि बायकोशेजारी कठड्याला टेकून उभा राहिलो. तिनं पदरानं माझ्या कपाळावरचं तेल पुसलं, चारचौघांत, जे तिनं त्याआधी कधी केलं नव्हतं. खाली अक्का एकटी गाडीवर बसली. उतरंड, भिंत, आणि मग थेट आमच्या पायांखालच्या फळीपर्यंत, लोक मागं सरकले इतकी वर. हात सोडून, डोळ्यांवर रुमाल बांधून. सगळी यात्रा तिच्याकडे बघत होती. मी बघत नव्हतो. मी मान खाली घालून ऐकत होतो.

शेजारी एक मंगळवेढ्याकडचा म्हातारा उभा होता, फेटा सावरत. त्यानं मला कोपरानं ढोसलं. "आरं, बग की! खाली काय बगूलालास?"

मी म्हणालो, "आजोबा, त्या इंजिनातलं लॉक मी बसवलंय."

त्यानं वाकून, डोळे बारीक करून गाडीकडे बघितलं. गाडी एक फेरी मारून गेली, त्यानं पुन्हा बघितलं.

"कुटं हाय? दिसंना मला."

"आत हाय," मी म्हणालो. "दिसत नसतंय. दिसलं असतं तर अक्का खाली असती."

म्हाताऱ्यानं फेटा पुन्हा सावरला आणि माझ्यासारखीच मान खाली घालून ऐकायला लागला.